डार्क चॉकलेटची उपेक्षा आणि कन्नडची अद्रक

मराठवाड्यातील कन्नडसारख्या तालुक्याच्या गावातील किराणा दुकानात गल्ल्याशेजारी प्लॅस्टिकच्या ज्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात, त्यांत कैरीच्या, संत्र्याच्या, पानाच्या आणि कॉफीच्या चवीच्या गोळ्या मुबलक आढळतात. चॉकलेट म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी दुधाचे आणि भरपूर साखरेचे असते. आणि डार्क चॉकलेट दुकानात असलेच, तर ते फ्रिजच्या कोपऱ्यात एखाद-दुसऱ्या वडीपुरते असते. याचे कारण विचारले असता सर्वसाधारणपणे एकच उत्तर मिळते, ते म्हणजे हे चॉकलेट कडू लागते आणि आपल्याकडे कोणाला ते रुचत नाही. हे उत्तर इतके सरधोपट झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात कडू आणि तुरट पदार्थांना असलेले स्थान, या परिसरातील साखर उद्योगाचा इतिहास आणि येथील उन्हाळा या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर डार्क चॉकलेटच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचा दोष जिभेकडे फारच थोडा जातो आणि बाजाराकडे व हवामानाकडे अधिक जातो, असे दिसते.

प्रथम डार्क चॉकलेट कशाला म्हणावे ते पाहिले पाहिजे. कोकोच्या बिया भाजून, सोलून व वाटून जो दाट लगदा मिळतो त्यात साखर मिसळली आणि दूध मिसळले नाही, की डार्क चॉकलेट तयार होते. दुधाची भुकटी मिसळली की ते मिल्क चॉकलेट होते. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाच्या व्याख्येनुसार चॉकलेट या नावास पात्र ठरण्यासाठी पदार्थात कोकोचा एकूण कोरडा अंश किमान ३५ टक्के असावा लागतो, आणि त्यात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतील नैसर्गिक चरबी, किमान १८ टक्के असावी लागते. वेष्टनावर ५५, ७० किंवा ९० टक्के असा जो आकडा छापलेला असतो तो कोकोचा लगदा आणि वरून घातलेले कोको बटर या दोहोंची बेरीज दर्शवतो, आणि उरलेला भाग मुख्यत्वे साखरेचा असतो. त्यामुळे ७० टक्क्यांच्या दोन वड्यांपैकी एकीत लगदा अधिक आणि दुसरीत चरबी अधिक असू शकते, व पहिली दुसरीपेक्षा बरीच कडू लागू शकते. हा आकडा कडूपणाचे माप म्हणून वाचणारे ग्राहक पुष्कळदा निराश होतात ते यामुळेच.

कोकोचा कडूपणा येतो कोठून आणि तो सुसह्य होतो कसा, हा या विषयातील सर्वांत रोचक भाग आहे. कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याच्या वरच्या भागातील असून त्याच्या शेंगा थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. एका शेंगेत साधारणपणे तीस-चाळीस बिया असतात आणि त्या पांढऱ्या, आंबट-गोड गरात लपेटलेल्या असतात. ताजी बी चावून पाहिली तर तिच्यात चॉकलेटचा मागमूसही नसतो. ती कमालीची कडू आणि तुरट असते. थिओब्रोमीन व कॅफीन हे अल्कलॉइड वर्गातील पदार्थ तिला कडू करतात, आणि पॉलिफेनॉल वर्गातील पदार्थ तिला तुरट करतात. या दोन संवेदना वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे: कडूपणा जिभेवरील विशिष्ट ग्राहींना कळतो, तर तुरटपणा हा पॉलिफेनॉल लाळेतील प्रथिनांशी बांधले गेल्यामुळे तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा कमी होऊन जाणवणारा कोरडेपणा आहे. डार्क चॉकलेटला ज्या लोकांनी नापसंत केले आहे त्यांपैकी अनेकांची खरी तक्रार कडूपणाविषयी नसून या कोरडेपणाविषयी असते, आणि तो बहुधा बिया नीट न आंबवल्याचा परिणाम असतो.

आंबवण्याची क्रिया शेतकऱ्याच्या दारातच घडते. बिया गरासकट लाकडी पेट्यांत किंवा केळीच्या पानांनी झाकलेल्या ढिगांत पाच ते सात दिवस ठेवल्या जातात. आरंभी किण्वक गरातील साखरेचे अल्कोहोल करतात, मग ढीग खालीवर करून हवा मिळाली की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल बनवतात आणि ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने आणि आम्लाने बीमधील अंकुर मरतो, तिच्या पेशी फुटतात, तुरट द्रव्ये काही प्रमाणात बदलतात, आणि पुढे भाजताना ज्यांच्यापासून चॉकलेटचा सुवास निर्माण होतो ती अमिनो आम्ले व साध्या शर्करा मोकळ्या होतात. त्यानंतर बिया उन्हात वाळवून त्यांतील पाण्याचा अंश सात टक्क्यांच्या आसपास आणला जातो. कारखान्यात त्या भाजून, टरफले पाखडून, दगडी किंवा पोलादी यंत्रांत वाटल्या जातात, आणि वाटताना घर्षणाच्या उष्णतेने त्यांतील चरबी वितळते. ही चरबी बीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असल्यामुळे कोरड्या बियांचे रूपांतर पाण्याचा थेंबही न घालता वाहत्या लगद्यात होते. शेवटी हा लगदा साखरेसह कित्येक तास, कधी कधी दोन-तीन दिवस, घोटत ठेवतात, म्हणजे त्यातील उग्र आम्लगंध उडून जातो. मिल्क चॉकलेटमध्ये यांपैकी एखादी पायरी कच्ची राहिली तरी दूध आणि साखर ती झाकून घेतात. डार्क चॉकलेटमध्ये झाकण्यासारखे काही नसते. चांगल्या डार्क चॉकलेटविषयी आदर वाटावा तो या कारणासाठी, कारण ते शेतापासून साच्यापर्यंतच्या प्रत्येक हाताच्या कौशल्याची थेट परीक्षा घेते.

आता जिभेचा प्रश्न. तान्ह्या मुलाला गोड आवडते आणि कडू आवडत नाही, ही प्रवृत्ती उपजत आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राही असतात, कारण निसर्गातील पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात व त्यांची सूचना वेळीच मिळणे हिताचे असते. परंतु कडू पदार्थ पुन्हा पुन्हा, निर्धास्त वातावरणात आणि आवडत्या माणसांच्या संगतीत खाल्ला गेला, की तो आवडू लागतो, आणि प्रत्येक समाज असे काही कडू पदार्थ आपल्या मुलांना वळण म्हणून शिकवत असतो. मराठी समाजाने तर या बाबतीत मोठीच तरतूद करून ठेवली आहे. वर्षाचा आरंभच गुढीपाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा आणि हरभऱ्याची डाळ वाटून केलेल्या गोळीने होतो; कारल्याच्या काचऱ्या, मेथीची पातळ भाजी आणि मराठवाड्यात भाकरीबरोबर खाल्ली जाणारी काराळाची चटणी यांत कडवट किंवा खरपूस चवीची गोडी शिकवली जाते; आणि बाळंतिणीला दिले जाणारे मेथीचे लाडू तर चांगल्या डार्क चॉकलेटचे स्वयंपाकघरातील सख्खे नातलग म्हणावेत असे आहेत. मेथीची पूड तुपात भिजवून तिचा कडूपणा मऊ करायचा, कणीक खमंग भाजून तिचा आधार द्यायचा आणि गुळाने सारे बांधायचे, ही कृती आणि कोकोची बी आंबवून, भाजून, तिच्याच चरबीत साखरेसह घोटण्याची कृती यांमागील बुद्धी एकच आहे: कडू घालवून न टाकता त्याला स्निग्धाची आणि गोडाची जोड देणे. ज्या घरात मेथीचा लाडू आवडीने मागितला जातो त्या घराची जीभ डार्क चॉकलेटला परकी आहे असे म्हणणे पटणारे नाही.

उलट इतिहासाकडे पाहिले तर दुधाचे चॉकलेट हाच अलीकडचा प्रकार ठरतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील लोक कित्येक शतके कोकोचे फेसाळ, बिनदुधाचे, मिरची-मसाल्यांचे पेय पीत होते. १८२८ मध्ये हॉलंडमधील व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील चरबी वेगळी काढणारे दाबयंत्र पेटंट केले, १८४७ मध्ये इंग्लंडमधील फ्राय कंपनीने खाण्याच्या चॉकलेटची वडी पाडली, आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध मिसळण्यात यश मिळवले. कॅडबरीचे डेअरी मिल्क १९०५ चे आणि त्याच कंपनीचे डार्क असलेले बोर्नव्हिल १९०८ चे, म्हणजे दोन्ही जवळपास समवयस्क. परंतु भारतात पहिले घरोघरी पोहोचले आणि दुसऱ्याने इथल्या बाजारात जोमाने पाऊल टाकले ते २००९ च्या सुमारास. कॅडबरीने भारतात १९४८ मध्ये कंपनी स्थापन करून व्यवसाय सुरू केला आणि पुढे ठाणे व तळेगावजवळील इंदुरी येथे उत्पादन उभे केले. इंदुरीची निवड दुधाच्या सोयीने झाली होती, आणि त्यावरूनच या उद्योगाचा कल कोणत्या चॉकलेटकडे होता ते कळते. पुण्यातील साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनीचे नावही एका पिढीच्या परिचयाचे होते. भारतीय मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पहिले चॉकलेट म्हणून दुधाचेच चॉकलेट चाखले, आणि पहिली चव हीच पुढे मोजपट्टी बनते.

कन्नडच्या बाबतीत याहूनही जवळचा आणि अधिक बोलका इतिहास उपलब्ध आहे. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावमार्गे मालेगावकडे गेले, की नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव लागते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये तेथे रावळगाव शुगर फार्म ही कंपनी उभी केली, आणि १९४० च्या दशकात त्याच साखरेपासून गोळ्या बनवण्यास आरंभ झाला. रावळगावच्या गोळ्यांनी खानदेश, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील शाळकरी मुलांचे खिसे कित्येक दशके भरले. पान पसंद, मँगो मूड आणि कॉफी ब्रेक ही त्यांतील नावे महाराष्ट्राबाहेरही गेली. पुढे लहान गोळ्यांच्या बाजारातील स्पर्धा आणि वाढता खर्च यांपुढे कंपनीचा निभाव लागेना, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने आपल्या मिठाईच्या व्यवसायाची नाममुद्रा, कृती व संबंधित हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले. ज्या नावाशी एका प्रदेशाचे बालपण जोडलेले होते त्याची किंमत एवढ्या लहान आकड्यात मांडली जावी, याची चुटपुट अनेकांना लागली असेल.

रावळगावची कथा येथे सांगण्याचे कारण असे की तीत या प्रदेशातील गोळीचे अर्थशास्त्र स्वच्छ दिसते. साखर आणि द्रवरूप ग्लुकोज यांचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून, त्यातील जवळजवळ सर्व पाणी उडवून तो झपाट्याने थंड केला, की त्याचे स्फटिक न बनता काचेसारखा कडक पदार्थ तयार होतो. हीच कडक गोळी. तिला लागणारी साखर दारातच पिकते, ती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वितळत नाही, आणि वेष्टनाचे दोन्ही पीळ घट्ट असले तर पावसाळ्याच्या दमटपणातही बराच काळ टिकते. गोदावरी आणि गिरणेच्या खोऱ्यात, जेथे साखर कारखाने हे ग्रामीण अर्थकारणाचे केंद्र होते, तेथे गोड पदार्थ म्हणजे साखरेचा पदार्थ असे समीकरण रुजावे हे स्वाभाविकच होते. कोको मात्र दूरच्या प्रदेशातून आणावा लागे व साखरेच्या मानाने फार महाग पडे, तेव्हा स्वस्त गोळीत तो नावापुरताच पडत असे. तरीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: कॉफी ब्रेकसारखी गोळी, जिच्या साखरेआड भाजलेल्या बियांचा कडवटपणा स्पष्ट जाणवतो, ती याच प्रदेशात तयार होऊन आवडीने खाल्ली गेली. कडूपणा योग्य भावात आणि टिकाऊ रूपात मिळाला तेव्हा लोकांनी तो नाकारला नाही.

टिकाऊपणाचा मुद्दा डार्क चॉकलेटच्या बाबतीत कळीचा आहे. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवे रूप तेवढे चमकदार, कडक आणि तोडताना खटकन आवाज करणारे चॉकलेट देते, आणि ते सुमारे ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली, वितळते. हिवाळ्यात बाटलीत गोठलेले खोबरेल तेल तळहातावर घेताच जसे पातळ होते, तसेच चॉकलेट जिभेवर पातळ होते, आणि त्याचे सारे सुख या एका गुणात आहे. पण कन्नडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात जातो आणि दुपारी वीजही पुष्कळदा जाते. दुकानातील वडी दुपारी मऊ पडते, रात्री पुन्हा घट्ट होते, आणि या उलाढालीत कोको बटर पृष्ठभागावर येऊन चुकीच्या रूपात गोठते. अशा वडीचा कागद उलगडला तर आत तांबूस-काळी तकाकी दिसण्याऐवजी राखेसारखा पांढुरका थर दिसतो, बोट फिरवले तर तो पुसट होतो, आणि तुकडा तोडला तर आवाज न होता तो भुसभुशीत सुटतो. ग्राहक त्याला बुरशी समजतो आणि परत करतो. वास्तविक ती बुरशी नसते व असे चॉकलेट खाण्यास अपायकारकही नसते, परंतु त्याची चव आणि पोत बिघडलेले असतात. काळ्या रंगावर हा पांढरा थर अधिक उठून दिसतो आणि खप कमी असल्यामुळे डार्क चॉकलेट दुकानात अधिक दिवस पडून राहते; अर्थात तालुक्याच्या गावी ज्यांनी ते एकदा चाखून नाकारले त्यांतील कितीतरी जणांनी प्रत्यक्षात बिघडलेला मालच चाखलेला असणार.

या अडचणीवर उद्योगाने काढलेला तोडगा म्हणजे कंपाउंड. यात कोको बटर काढून त्याच्या जागी पामच्या बियांचे किंवा अन्य वनस्पतींचे, अधिक तापमानाला वितळणारे तेल घातलेले असते व चवीसाठी कोकोची भुकटी मिसळलेली असते. वेष्टनावरील घटकांच्या यादीत वनस्पती तेलाचा उल्लेख कोको बटरच्या जागी आढळला, तर तो पदार्थ कंपाउंड आहे असे समजावे. महाराष्ट्रात घरगुती चॉकलेटचा जो व्यवसाय गेल्या काही दशकांत वाढला तो प्रामुख्याने या कंपाउंडच्या लाद्यांवर उभा आहे. पुणे जिल्ह्यातील मंचर येथे कारखाना असलेली मोर्डे फूड्स ही कंपनी अशा लाद्यांसाठी बेकरीवाल्यांपासून गृहिणींपर्यंत सर्वांना परिचित आहे. राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या आधी कितीतरी गावांत गृहिणी गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून लादीचे तुकडे वितळवतात, साच्यांत ओततात, आत काजू किंवा बदाम ठेवतात आणि रंगीत चांदीच्या कागदात गुंडाळून विकतात. या श्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, कारण त्यातून पुष्कळ घरांना आधार मिळाला आहे. मात्र या कृतीत डार्क आणि मिल्क कंपाउंड निम्मे-निम्मे मिसळण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे डार्कची स्वतंत्र चव कोणाच्याच अनुभवास येत नाही. आणि कंपाउंडचे तेल जिभेवर पूर्ण न वितळता मेणासारखा थर मागे ठेवते, त्यामुळे ते खाणाऱ्यास खऱ्या चॉकलेटची कल्पना येत नाही.

दरम्यान भारतातच कोकोची शेती रुजली. कोकोचे झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांपर्यंतच्या उष्ण व दमट पट्ट्यात वाढते. कन्नड जवळजवळ विसाव्या अक्षांशावर असले तरी येथील कोरडी हवा आणि अल्प पाऊस त्यास मानवणारे नाहीत, आणि महाराष्ट्रात हे पीक घ्यायचे तर ते कोकणातील नारळ-सुपारीच्या सावलीतच घ्यावे लागते. १९६५ मध्ये कॅडबरीने केरळातील वायनाडमध्ये कोकोचे प्रायोगिक क्षेत्र सुरू केले. १९७३ मध्ये मंगळुरू येथे स्थापन झालेल्या कॅम्पको या सुपारी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने पुढे कोकोचीही खरेदी हाती घेतली आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना उभारला. आज आंध्र प्रदेश हे कोको पिकवणारे देशातील प्रमुख राज्य आहे. देशाची गरज मात्र देशातील उत्पादनाने भागत नाही व बिया आयात कराव्या लागतात, त्यामुळे जगाच्या बाजारातील हेलकावे येथेही पोहोचतात. घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकतो. तेथे प्रतिकूल हवामान आणि झाडांवरील रोग यांमुळे पीक घटले तेव्हा, कित्येक वर्षे टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास राहिलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये बारा हजार डॉलरच्या वर गेला. ज्या वडीत कोको जास्त तिला या भाववाढीची झळ जास्त, हे उघड आहे. भारतात चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने हा भार काहीसा हलका केला.

डार्क चॉकलेटकडे गांभीर्याने पाहणारे भारतीय उत्पादकही गेल्या दशकभरात पुढे आले आहेत. ऑरोव्हिलमधील मेसन अँड कंपनी, मुंबईची पास्काती, पोल्लाचीची सोकलेट, केरळची पॉल अँड माइक आणि हैदराबादची मनम ही त्यांतील काही नावे असून, ते बिया आंबवण्यापासून किंवा भाजण्यापासूनची सर्व कामे स्वतः करतात. त्यांच्या वड्यांचा भाव कन्नडच्या बाजाराला परवडणारा नाही, हे मान्य करावे लागेल. या बाबतीत अधिक मोठे काम अमूलने केले आहे, असे म्हणावे लागते. तिने ५५ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंतची डार्क चॉकलेटे, आणि एकेका देशाच्या बियांपासून बनवलेली वेगवेगळी चॉकलेटेसुद्धा, दूध-लोणी विकणाऱ्या आपल्या साखळीतून लहान गावांपर्यंत नेली. दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने बिनदुधाच्या चॉकलेटला सर्वांत मोठा आधार द्यावा, ही गोष्ट कौतुकास्पद आहे.

आरोग्याच्या नावाने होणाऱ्या प्रचाराविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की कोकोतील फ्लॅव्हनॉल या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांच्या लवचिकतेवर अनुकूल परिणाम होतो असे दिसून आले असले, तरी त्यांचा मोठा भाग भाजताना आणि प्रक्रियेत नष्ट होतो, वेष्टनावरील टक्केवारीवरून त्यांचे प्रमाण कळत नाही, आणि ७० टक्क्यांच्या वडीतही जवळपास एक-तृतीयांश साखर व भरपूर चरबी असतेच. मधुमेही व्यक्तीने डार्क चॉकलेट म्हणजे बिनसाखरेचे चॉकलेट असे समजणे धोक्याचे आहे. औषध म्हणून ते गिळणाऱ्याला त्याची गोडीही कळत नाही. ते चवीसाठी, थोडेच आणि सावकाश खावे. तुकडा फ्रिजमधून काढल्यावर वेष्टनातच थोडा वेळ बाहेर ठेवावा, कारण थंड चॉकलेटचा वास येत नाही आणि उघड्या गार पृष्ठभागावर पाणी धरते. तो न चावता जिभेवर ठेवला तर प्रथम किंचित आंबटपणा, मग भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा किंवा मनुकांसारखा गंध, आणि चरबी पूर्ण वितळल्यानंतर कडूपणा अशा क्रमाने चव उलगडत जाते. आरंभ ५० ते ६० टक्क्यांपासून करावा. ९० टक्क्यांपासून सुरुवात करणाऱ्याची भीती पक्की होण्याचाच संभव अधिक.

डार्क चॉकलेटची गोडी लागण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो कन्नड तालुक्याच्या शेतांतून जातो. कन्नड, खुलताबाद आणि फुलंब्रीच्या परिसरात आले, ज्याला येथील शेतकरी अद्रक म्हणतो, मोठ्या प्रमाणावर पिकते. गादीवाफ्यावर, ठिबकच्या पाण्यावर आठ-नऊ महिने वाढणारे हे पीक बेण्यापासूनच खर्चिक असते, आणि त्याचा भाव एका वर्षी चढतो तर दुसऱ्या वर्षी काढणीची मजुरीही निघू नये इतका पडतो. पाकात मुरवलेल्या आल्यावर डार्क चॉकलेटचा थर दिलेली वडी हा युरोपात जुना आणि मान्यता पावलेला प्रकार आहे. आल्याचा तिखटपणा आणि कोकोचा कडूपणा एकमेकांना पूरक ठरतात, आल्याभोवतीचा साखरेचा पाक दोहोंना सांधतो, आणि मराठी घरांना आलेपाकाच्या वडीची सवय पूर्वीपासून असल्यामुळे या चवीतला अर्धा भाग ओळखीचाच असतो. हाच प्रयोग नागपुरी संत्र्याच्या किंवा जालन्याच्या मोसंबीच्या सालीवरही करता येतो. डार्क चॉकलेट एवढ्या निगुतीने जगभर ज्या फळांना आणि मुळांना जोडले जाते त्यांपैकी तीन अशी शे-चारशे किलोमीटरच्या टापूत पिकत असावीत, ही या प्रदेशाची मोठी जमेची बाजू आहे.

कृती अवघड नाही, परंतु तिला वेळ लागतो. रेषा कमी असलेले कोवळे आले सोलून त्याच्या पाव इंच जाडीच्या चकत्या करतात, दोन-तीनदा पाणी बदलून उकळतात म्हणजे उग्र तिखटपणा उतरतो, मग साखरेच्या पाकात मंद आचेवर चकत्या अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवतात आणि जाळीवर पसरून एक-दोन दिवस सुकवतात. चकतीत ओल राहिली तर चॉकलेटचा थर नंतर सुटतो. खरे डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, ढवळत २७-२८ अंशांपर्यंत निववून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणले, की कोको बटर हव्या त्या पाचव्या रूपात गोठण्यास तयार होते, आणि त्या अवस्थेत प्रत्येक चकती अर्धी बुडवून कागदावर ठेवली जाते. यासाठी अन्नाचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर पुरतो. मोठ्या शहरांतील चॉकलेटवाल्यांना या कामासाठी खोली वातानुकूलित ठेवावी लागते. कन्नडमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी घरातील हवाच त्या कामाची असते, आणि अद्रकची काढणीही त्याच सुमारास सुरू झालेली असते.